डोळे दुखले म्हणून गुरू सोडला, तर चुकलं काय?

शंकासुर:
किटिअमचा झेनो मूळचा सायप्रसकडचा व्यापारी. जहाज बुडालं, अथेन्सला आला आणि इ.स.पू. ३०० च्या सुमारास तिथल्या चित्रं काढलेल्या ओवरीत शिकवू लागला. ओवरीला ग्रीकमध्ये स्टोआ म्हणतात, म्हणून हे स्टोइक. शिकवण कडक. सद्गुण तेवढा चांगला, दुर्गुण तेवढा वाईट. आरोग्य, पैसा, दुखणं, मरण ही सगळी मधली खाती.

त्याचा एक शिष्य, हेराक्लिआचा डायोनिसिअस. त्याचे डोळे असह्य दुखायला लागले (रोमन लेखक सिसेरो एके ठिकाणी मूत्रपिंड म्हणतो). 'इतकी वर्षं तत्त्वज्ञानात घालवूनही हे सोसवत नाही, त्याअर्थी दुखणं वाईटच,' असं म्हणून तो सरळ सुखवाद्यांकडे गेला. नाव पडलं 'पलटलेला'.

माझ्या मते त्या सगळ्या गोतावळ्यात प्रामाणिक माणूस हाच. गेल्या पावसाळ्यात मूतखड्याने मला रात्री तीन वाजता फरशीवर लोळवलं. फोनवर मार्कस ऑरेलिअस या स्टोइक रोमन सम्राटाचे सुविचार येतच होते. एकाचाही उपयोग झाला नाही. इंजेक्शनचा झाला.

ओवरीतला:
तुमच्या फरशीबद्दल सहानुभूती आहे, पण तर्क उलटा आहे. मला पोहता येत नाही, म्हणून नदी वाईट? डायोनिसिअसने एवढंच सिद्ध केलं की त्याचा अभ्यास कच्चा होता.

आता दुसरं उदाहरण घ्या. रोमन सेनापती पॉम्पे ऱ्होड्स बेटावर पोसिडोनिअस या स्टोइकाला भेटायला गेला, तर हा सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेला. तरी त्याने पडल्यापडल्या व्याख्यान दिलं, आणि कळ आली की म्हणायचा, 'वेदने, तुझा काही उपयोग नाही. कितीही छळलंस तरी तू वाईट आहेस असं मी कबूल करणार नाही.' दुखत नाही असं तो म्हणालाच नाही. कुठलाच स्टोइक म्हणत नाही. दुखणं त्यांच्या लेखी 'नकोसं' आहेच, फक्त त्याने माणूस वाईट होत नाही.

शंकासुर:
'नकोसं' आहे पण 'वाईट' नाही! मग फरक उरला कुठे? सिसेरोनेही हेच खुसपट काढलंय: अ‍ॅरिस्टॉटलवाल्यांचंच म्हणणं, फक्त नवीन शब्दांत. बाकी ज्याला वेदनेशी भांडावं लागतं, त्याला ती मधल्या खात्यातली वाटत असेल असं मला वाटत नाही.

पाटीपेन्सिल:
अ‍ॅरिस्टॉटलने तर स्टोइकांना आधीच झापलंय. छळाच्या चाकावर बांधलेला माणूससुद्धा सज्जन असला की सुखी, असं म्हणणारे निरर्थक बोलतात, असं त्याने लिहिलंय.

ओवरीतला:
@पाटीपेन्सिल, अ‍ॅरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये गेला. तेव्हा ओवरीत कुणी बसलंही नव्हतं. तो दुसऱ्या कुणाला तरी झापतोय.

पाटीपेन्सिल:
मान्य. पण टोपी बसतेय ना?

गावठी सॉक्रेटिस:
सुखवादी म्हणजे आपल्याकडचे ऋण काढून तूप पिणारेच ना?

बागवान:
नाही हो. हा गैरसमज दोन हजार वर्षं जुना आहे. सुखवाद्यांचा गुरू एपिक्युरस अथेन्सच्या बागेत शिष्यांसोबत राहायचा, त्यांत बायका होत्या, गुलामही होते. भाकरी आणि पाणी एवढ्यावर समाधान. मित्राला लिहितो, 'थोडं चीज पाठव, म्हणजे मनात आलं की मेजवानी करीन.' सुख म्हणजे शरीराला पीडा नसणं आणि मनाला घोर नसणं.

आणि शंकासुर, तुमच्या कामाची गोष्ट सांगतो. इ.स.पू. २७० च्या सुमारास तो गेला तो मूतखड्याने. शेवटच्या दिवशीच्या पत्रात लिहितो, लघवी अडलीय, पोट बिघडलंय, वेदना याहून वाढूच शकत नाहीत. तरी आपल्या जुन्या संवादांच्या आठवणीचा आनंद या सगळ्याच्या विरुद्ध उभा आहे. आज सुखाचा दिवस आहे.

ओवरीतला:
म्हणजे मरताना तुमचा सुखवादीही स्टोइकच निघाला! खटला संपला.

शंकासुर:
उलट आत्ता कुठे सुरू झाला. पोसिडोनिअस वेदनेला म्हणतो, तुला वाईट म्हणणार नाही. एपिक्युरस म्हणतो, तू वाईट आहेस, भयंकर आहेस, पण दुसऱ्या पारड्यात माझ्याकडेही काहीतरी आहे. डायोनिसिअसला पहिलं जमेना. दुसरं मला निदान समजतं. फरशीवर लोळताना बायको पाठीवरून हात फिरवत होती ते आठवतंय, सुविचार एकही आठवत नाही.

पाटीपेन्सिल:
अवांतर: आर्केसिलाऊस या संशयवाद्याला कुणी विचारलं, सगळ्या पंथांतून माणसं एपिक्युरसकडे जातात, तिकडून परत कुणी का येत नाही? तो म्हणाला, पुरुषाचा खोजा होतो, खोजाचा पुरुष होत नाही.

बागवान:
चावट आहे, पण डायोनिसिअसला लागू नाही. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनिस लाएर्शिअसच्या म्हणण्याप्रमाणे तो आमच्या बागेत आलाच नाही, सायरेनाइक या दुसऱ्या सुखवादी पंथाकडे गेला. त्यांचं सुख म्हणजे आत्ताचं, हातातलं. आठवणींचं पारडं त्यांना फारसं मान्य नव्हतं.

ओवरीतला:
शंकासुर, पाठीवरच्या हाताला माझ्याकडे उत्तर नाही, विचार करतो. तोवर पाणी भरपूर पीत जा. 'नकोसं' टाळण्यासाठी. 'वाईट' नव्हे.