पडद्यावर नाही म्हणजे गायब?

‘स्टारगेट संपलं आणि अमांडा टॅपिंगचं करिअरही संपलं’ हे या चर्चेतलं वरचं मत काही पटलं नाही. ‘स्टारगेट’ या सायन्स फिक्शन मालिकेतल्या सॅम कार्टरइतकी गाजलेली भूमिका या अभिनेत्रीला पुन्हा मिळाली नाही, हे मान्य. पण २००७ मध्ये तिने ‘सँक्च्युअरी’ ही मालिका काढली, तीही आधी थेट इंटरनेटवर, छोट्या भागांत. तेव्हा नेटवर मालिका बघायची सवय कुणाला होती? पुढच्या वर्षी ती टीव्हीवर आली आणि चार सीझन चालली. त्यात ती नायिकाही होती आणि निर्मातीही. व्हँकुव्हरला हिरव्या पडद्यांपुढे दोन-चार खुर्च्या-टेबलं मांडून शूटिंग, भोवतीचा वाडा नंतर कॉम्प्युटरवर. समोर काहीच नसताना दीडशे वर्षं जगलेली, गंभीर ब्रिटिश बाई उभी करायची म्हणजे गंमत नाही. (काही इफेक्ट्स आज बघवत नाहीत, ते सोडा.)

या धाग्यात कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे तिचं दिग्दर्शन. सुरुवात स्टारगेटच्याच सातव्या सीझनमधल्या एका भागापासून झाली. पुढे ‘कंटिन्युअम’, ‘डार्क मॅटर’, ‘ट्रॅव्हलर्स’ या कॅनडातच बनलेल्या मालिकांचे भाग तिने केले. ‘ट्रॅव्हलर्स’ पाहिली असेल तर श्रेयनामावली पुन्हा एकदा नीट वाचा.