मदत हवी आहे: लहान होडी आणि मोठं आरमार

मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी विषय घेतलाय 'समुद्रावरचं विषम युद्ध' (म्हणजे दुबळ्या बाजूने बलाढ्य आरमाराशी दिलेली झुंज), आणि आता अडकलोय.

सुरुवात १६७९ च्या, मुंबईजवळच्या खांदेरी बेटावरच्या लढाईपासून करतोय. इंग्रजांची 'रिव्हेंज', 'हंटर' ही मोठी जहाजं बेटाभोवती पहाऱ्याला. मराठ्यांच्या छोट्या होड्या मात्र थळच्या किनाऱ्यावरून रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन निसटायच्या. शेवटी बेट मराठ्यांकडेच राहिलं. तिथून थेट नोव्हेंबर २०२३ नंतरचा तांबडा समुद्र: येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे स्वस्त ड्रोन, ते पाडायला लाखो डॉलरची क्षेपणास्त्रं, आणि कंटेनर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून. सर म्हणतात, ही उडी फार लांबची. मला नाही तसं वाटत.

खरा घोळ मधल्या प्रकरणाचा आहे. २६/११ ला दहा जण 'कुबेर' ट्रॉलर बळकावून आले आणि रबरी होडीतून बुधवार पार्कच्या कोळीवाड्याशी उतरले. त्यानंतर ओळखीसाठी बोटींना रंग ठरले, खलाशांना बायोमेट्रिक कार्डं आली. परवा ससून डॉकला एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) आपलं कार्ड दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, डिझेलच्या पावतीसोबत. म्हणाले, "तपासतात आम्हालाच."

तर विचारायचं असं:
या नियमांचा मच्छीमारांवर काय परिणाम झाला, यावर मराठीत काही वाचलंय का कुणी? आणि वसई, वर्सोवा किंवा माहीमचे कुणी तांडेल बोलायला तयार असतील का? नाव छापणार नाही. रविवारी सकाळी सोडून कधीही येतो, तेव्हा शिकवणी असते.