दोघी मैत्रिणी, दोन दिवस अलिबाग, गाडी नाही: ठाणे-नेरुळहून कसं जावं, किल्ला कधी करावा?

घोडबंदर_कडची
फेब्रुवारीत शनिवार-रविवार अलिबाग ठरवतोय. मी ठाण्यात, मैत्रीण नेरुळला. गाडी नाही आणि भाड्यानेही घ्यायची नाही. दोघींनाही समुद्रात थोडं डुंबायचं आहे आणि कुलाबा किल्ला चालत करायचा आहे, बोटीने नको.

दोन आठवडे मोकळे आहेत. पहिल्यात रविवारी संकष्टी येते, दुसऱ्यात रविवारी एकादशी. मैत्रीण शाकाहारी आहे आणि संकष्टीचा उपास करते, मी मासे खाते. राहायला नागाव बरं की वरसोली? जायला मांडवा, एसटी की उरणवरून लाँच? कुणीतरी उरण लोकलचा मार्ग सुचवला, पण त्याची नीट माहिती मिळत नाही.

खाडीकाठ
आधी भरती-ओहोटी बघा. किल्ला, पोहणं आणि लाँच या तिन्ही गोष्टी तिच्यावरच ठरतात. हॉटेल आणि बस त्यानंतर.

आपल्या किनाऱ्यावर साधा हिशोब चालतो: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. तिच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरायचाच. हा अंदाज आठवडा निवडायला पुरतो. जायच्या दोन दिवस आधी मुंबईचं भरतीचं कोष्टक उघडून नेमकी वेळ बघा, अलिबागला फरक काही मिनिटांचाच पडतो.

आता तुमचे दोन आठवडे. संकष्टीच्या आठवड्यात शनिवारी तृतीया: भरती सव्वादोन-अडीचला, ओहोटी सकाळी आठ-साडेआठला. रविवारी चतुर्थी: ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, भरती दुपारी तीनला. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी दशमी, रविवारी एकादशी: ओहोटी दुपारी पावणेदोन ते अडीचच्या दरम्यान. वेळ सोयीची वाटते, पण अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे ऐन ओहोटीतही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतं. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस असतं, तेव्हाच वाट चांगली उघडी पडते. म्हणून पहिला आठवडाच घ्या आणि किल्ला रविवारी सकाळी ठेवा.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही हेही लक्षात ठेवा. बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, शेवटच्यात एक. ओहोटी आणि भरतीत चार मीटरचं अंतर असेल तर तिसऱ्या तासात पाणी एक मीटरने वर येतं. पहिला तास सगळं शांत दिसतं, म्हणून लोक किल्ल्यावर रेंगाळतात. त्यात किनारा आणि किल्ला यांच्या मधला पट्टा किल्ल्याच्या खडकापेक्षा सखल आहे. तटाच्या पायथ्याशी अजून कोरडं असतं आणि मधे गुडघाभर पाणी झालेलं असतं. ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी किनारा सोडा, ओहोटीनंतर तासाभरात परत वाळूवर या. तुमच्या बाबतीत पावणेआठला निघून दहाच्या आत परत.

पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत. साधी चप्पल चिखलात अडकते, अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं तळपाय कापतात.

उरण_लोकल
मार्गाचं सांगतो. तिन्ही चालतात, पण तुमच्या तिथीला जाताना एक आणि येताना दुसरा चांगला.

जाताना पनवेल. ठाण्याहून पहाटेची पनवेल लोकल पकडा, मैत्रीण नेरुळला त्याच गाडीत चढेल. डबा आधी ठरवून ठेवा. ठाणे-पनवेल साधारण तासाभराचं आहे. स्टेशनबाहेरून एसटी स्टँड जवळ आहे, सामान हलकं असेल तर चालतही होतं. अलिबागसाठी विनावाहक बस मिळाली तर उत्तम: तिकीट खिडकीवर काढायचं आणि बस मधे थांबत नाही. रांग बसच्या दारात नसून खिडकीवर असते, हे माहीत नसल्याने नवीन माणसं बस चुकवतात. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

पनवेल ते अलिबाग दोन-सव्वादोन तास धरा. कर्नाळा, पेण, वडखळ, पोयनाड असा रस्ता. अडकायचं ठिकाण वडखळ नाका: गोव्याकडे जाणारी आणि अलिबागला वळणारी वाहनं तिथे एकत्र येतात. शनिवारी नऊनंतर तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. पनवेलहून सातच्या आत सुटलात तर वडखळ मोकळं मिळतं. ठाण्याहून थेट एसटीही आहे, पण लोकलने पनवेल गाठल्यावर कळंबोलीचा गोंधळ टळतो.

येताना उरण. अलिबागहून एसटीने रेवस, तिथून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून करंजा, करंजाहून रिक्षाने उरण स्टेशन, मग लोकल. उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. काही गाड्या नेरुळला जातात, काही बेलापूरला. तुम्हाला नेरुळची हवी, कारण ठाण्याची गाडी तिथेच बदलायची. उरणच्या गाड्या ठाण्यासारख्या पाच-दहा मिनिटांनी नसतात, वेळापत्रक फोनमध्ये जतन करून ठेवा.

हा मार्ग जाताना का नको? रेवसच्या जेट्टीपाशी गाळ फार. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागायला अडचण होते, फेऱ्या लांबतात किंवा थांबतात. शनिवारी सकाळी आठ-साडेआठला नेमकी तीच वेळ. रविवारी मात्र तीनला पूर्ण भरती, म्हणजे दोन ते चारमध्ये रेवसला पोहोचलात की लाँच सरळ धक्क्याला लागते. अलिबाग-रेवस बसला तासभर धरा आणि लाँचच्या फेऱ्यांची वेळ अलिबाग स्टँडवर आदल्या दिवशीच विचारून घ्या.

मांडव्याबद्दल: गेटवेहून कॅटमरान तासाभरात मांडव्याला नेते, आणि काही कंपन्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. भाऊच्या धक्क्याहून रो-रो (गाड्या वाहून नेणारी बोट) आहे, तिच्यात गाडीशिवायही बसता येतं. मुंबईत राहणाऱ्यांना हे सोयीचं. ठाणे-नेरुळहून मात्र आधी उलटं दक्षिण मुंबईत जायचं, मग खाडीपार यायचं, आणि रविवारी संध्याकाळी मांडव्याला परतीची रांग. पावसाळ्यात गेटवेची सेवा बंद असते, तुमच्या महिन्यात ती अडचण नाही.

मीठआगर
वर दोघांनी सांगितलंय त्याला दुजोरा. फक्त पोहण्याबद्दल जास्त स्पष्ट सांगायला हवं, कारण अपघात तिथेच होतात.

लोक जेवून, झोपून, ऊन उतरल्यावर पाच वाजता पाण्यात शिरतात. तुमच्या शनिवारी भरती अडीचला संपते, म्हणजे साडेचार ते साडेसहा हे ओहोटीचे तिसरे-चौथे तास. पाणी सर्वांत जोराने आत ओढलं जातं ते तेव्हाच. कमरेइतक्या पाण्यात पायाखालची वाळू सरकायला लागते आणि परत फिरताना पाऊल उचलत नाही. म्हणून डुंबायचं साडेबारा ते अडीचमध्ये, पाणी चढत असताना. ऊन लागेल, पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट आणि टोपी घाला. तीनला बाहेर. संध्याकाळ वाळूवर चालायला ठेवा, पाणी मागे गेल्यावर किनारा तेव्हाच सर्वांत रुंद असतो.

डुंबायला जागा नागावची घ्या. अलिबागचा मुख्य किनारा काळसर, चिखलाकडे झुकणारा आहे, तिथे डुंबण्यात मजा नाही. आक्षीच्या आणि रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी अजिबात उतरू नका, तिथे ओढ कायम असते आणि तळ सारखा बदलतो.

उथळ, गढूळ पाण्यात पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) वाळूत पुरून बसलेलं असतं. पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत पुढे सरका, म्हणजे ते आधीच निसटतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. वेदना त्याने उतरते. मग डॉक्टरकडे जाऊन जखम तपासून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. जिल्हा रुग्णालय अलिबाग शहरातच आहे. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका.

चौल_रोड
राहायचं वरसोलीला, नागावला नाही. रविवारी पावणेआठला अलिबाग किनाऱ्यावर हजर असायचं तर नागावहून आठ-नऊ किलोमीटर यावं लागेल आणि इतक्या सकाळी मिनीडोअर (शेअर रिक्षा) भरेपर्यंत थांबत बसता येणार नाही. वरसोली शहराला लागूनच आहे. शनिवारी सामान टाका, स्टँडजवळून रेवदंड्याकडे जाणाऱ्या मिनीडोअरने नागावला जा. खोली घेताना 'समुद्रापासून किती' असं न विचारता 'एसटी स्टँडपासून किती' विचारा. जाहिरातीतली चालत पाच मिनिटं बहुधा बागेतल्या मागच्या वाटेने असतात, आणि अंधारात त्या वाटेला दिवे नसतात. दोघींनाही ओळखपत्र दाखवावं लागेल. गरम पाणी किती वाजेपर्यंत आणि रविवारी अकरापर्यंत खोली ठेवता येईल का, एवढं फोनवरच पक्कं करा.

नागावला जाताना आक्षीला पाच मिनिटं उतरलात तर तिथला शिलालेख बघा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला जातो, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक.

संकष्टीला किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला गर्दी असते. राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं हे गणेश पंचायतन आहे, मैत्रिणीला आवडेल. गर्दी चालणाऱ्यांना नडत नाही, घोडागाड्यांची मात्र रांग लागते. परतीला उशीर झाला तर घोडागाडी मिळेल या भरवशावर बसू नका. किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, खिडकी किती वाजता उघडते ते शनिवारी संध्याकाळीच किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. बाकी किल्ल्यात सावली कमी, आणि खायला फारसं काही नाही, पाणी बरोबर न्या.

जेवणाचं: मासे शनिवारीच खाऊन घ्या, रविवारी मैत्रिणीचा उपास आहे. रायगडचा मासा म्हणजे जिताडा. तुकड्याचा भाव आधी विचारा, कारण तुकड्याच्या आकारावर तो बदलतो आणि ताटाच्या दरात तो धरलेला नसतो. मैत्रिणीला वालाचं बिरडं मागवा, पण माशाचा तवा वेगळा आहे का ते खानावळीत स्पष्ट विचारायला संकोचू नका.

आणि फेब्रुवारी आहे तर शनिवारी रात्री पोपटी. घरमालकाला आदल्या दिवशी सांगावं लागतं. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, जाडं मीठ आणि ओवा, तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद. पाणी थेंबभरही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा आणि काटक्या पेटवतात, अर्ध्या-पाऊण तासात होते. झाली का हे मडक्यावर पाण्याचे थेंब मारून बघतात, चर्र होऊन लगेच उडाले की उतरवायची. एरवी याच मडक्यात कोंबडी आणि अंडीही घालतात, म्हणून 'शाकाहारी, मडकं नवीन' असं सांगूनच ठरवा.

घोडबंदर_कडची
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे असं: संकष्टीचा आठवडा, वरसोलीला मुक्काम, शनिवारी पनवेलवरून, साडेबारा ते अडीच नागाव. रविवारी पावणेआठला किल्ला, दहाला परत, मग रेवस, लाँच, उरण. पांढऱ्या कांद्याच्या माळा तेव्हा मिळतील का? आणि मैत्रीण संध्याकाळी चंद्रोदयाच्या आत घरी पोहोचेल ना?

उरण_लोकल
चंद्रोदय संकष्टीला रात्री नऊच्या आसपास असतो. तीनची लाँच धरलीत तर नेरुळ साडेपाचपर्यंत आणि ठाणे त्यानंतर पाऊण तासात, बराच वेळ हातात राहतो. फक्त अलिबाग स्टँडवरून रेवसची बस साडेबाराच्या पुढे ढकलू नका. रविवारी दुपारी एखादी बस भरून गेली तर पुढची येईपर्यंत थांबावं लागतं, आणि चारनंतर पाणी पुन्हा झपाट्याने उतरायला लागतं.

चौल_रोड
पांढरा कांदा फेब्रुवारीत यायला लागलेला असतो. रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतील, पण नागाव-वरसोलीतून घेण्याची घाई नको, रेवसच्या वाटेवरही मिळतात आणि ओझं कमी वेळ वागवावं लागतं. घेताना माळ हातात धरून मान दाबून बघा. मान कोरडी आणि पातळ हवी. ओलसर, जाड मानेचा कांदा घरी आठवड्यात सडायला लागतो. भौगोलिक मानांकन याच कांद्याला आहे, पण त्या नावाखाली दुसराही पांढरा कांदा विकला जातो. इथला कांदा चपटा आणि चवीला गोडसर असतो, विक्रेत्याला एक कापून दाखवायला सांगा. पिशवीत न कोंबता माळ तशीच लोकलमध्ये वरच्या रॅकला अडकवा आणि घरी वारा लागेल अशी टांगून ठेवा.