पाच वॉटचा हॅम रेडिओ घेऊन गडावर जाणं पोरखेळ आहे का?

कातळकडा: काल इथे, हॅमवाल्यांच्या म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या गटात, एकाने ठणकावलं, "पाच वॉटवर गडावरून बोलणं हा पोरखेळ. समोरच्याचा अँटेना मोठा म्हणून तुमचं ऐकू येतं." डोक्यात गेलं. शंभरावरून पाच वॉटवर आलं की तेरा डेसिबल जातात, म्हणजे मीटरवर जेमतेम दोन एस-युनिट (सिग्नलचा जोर मोजायच्या पायऱ्या). राजमाचीला श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर फोल्डिंगच्या काठीला अँटेनाची दहा मीटर तार बांधून, दुपार कलल्यावर वीस मीटर तरंगलांबीच्या बँडवर मी मोर्सने युरोपची स्टेशनं घेतली आहेत. घरी एलईडी दिव्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या खरखरीत हीच स्टेशनं गाडली जातात.

तारयंत्र: मीच लिहिलं होतं, मागे घेत नाही. मोर्सवाल्यांचं सोडा. नवीन पोरं एसएसबीवर, म्हणजे आवाजाने बोलायच्या पद्धतीवर, पाच वॉट घेऊन घसा कोरडा पडेपर्यंत सीक्यू ("कुणी आहे का?" ही हाक) ओरडतात, कुणी उत्तर देत नाही, मग रेडिओ विकायला काढतात. सिग्नल नॉइजच्या काठावर असेल तर तुमचे "जेमतेम" दोन एस-युनिटच सगळं ठरवतात.

गच्चीबंद: तुम्हाला घरून बोलायची सोय तरी आहे. आमचा सेक्रेटरी म्हणतो, तारेने कॅन्सर होतो. परवाना दाखवला, तरी वॉचमनकरवी तार कापली. मला डोंगराशिवाय पर्यायच नाही.

कोएक्स: आमच्याकडे तर गच्चीवर मोबाइल टॉवर चालतो, भाडं येतं ना! माझी केसाएवढी तार मात्र डोळ्यांत खुपते.

तारयंत्र: लेखी अर्ज द्या, परवान्याची प्रत जोडा. मला तशीच परवानगी मिळाली. रडून काय होणार?

गच्चीबंद: रडून? अर्ज दिला, पोच घेतली, विषय सभेपुढे येऊच दिला नाही. तुमची कमिटी बरी निघाली म्हणून उपदेश सुचतोय. कापलेली तार हातात घेऊन जिना उतरा एकदा, मग बोला.

कोएक्स: अगदी. परवाना सरकार देतं आणि तार कुठे बांधायची ते सेक्रेटरी ठरवतो.

कातळकडा: गच्चीसाठी वेगळा धागा काढा, मीही येतो. तारयंत्र, समोरच्याचा यागी (एका दिशेला जोर देणारा अँटेना) जितकं आपलं ऐकतो तितकंच त्याचं बोलणं जोरात पाठवतो. यात कमीपणा कसला? हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स रेडिओ जगभर लोकांनी घरी जोडला, तोही काही वॉटांचाच. तोही पोरखेळ?

तारयंत्र: बिटएक्सला मध्ये आणू नका, सोल्डरिंग मी त्यावरच शिकलो. ठीक आहे, मोर्स आणि एफटी-एटला (संगणकाने छोटे संदेश पाठवायची पद्धत) पाच वॉट मान्य. एसएसबीला दहा तरी हवेतच.

घाटवाट: वॉटांचं काय ते ठरवा, पण मे महिन्यात दुपारनंतर कड्यावर तार ठेवू नका. ढग गडगडत असताना "एवढं एक स्टेशन घेतो" म्हणत बसलेला माणूस मी पाहिलाय. रिसीव्हरमध्ये कडकड वाढली की तार खाली आणि आपणही माथ्यावरून खाली.

कातळकडा: शंभर टक्के. पण तारयंत्र, दहा वॉटला बॅटरी मोठी लागते. ती कोंडिवड्याच्या वाटेने उन्हात वर चढवा, मग एसएसबीचं बोलू.