बास्केटबॉल: कच्च्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) नियमित रोटेशनमध्ये (सामन्यात आलटून-पालटून उतरणाऱ्यांत) कसं आणायचं?

प्रश्न: १९ वर्षांचा सेंटर, उडी उत्तम. पण उतरल्यावर काही मिनिटांतच दोन-तीन फाउल होतात, बसवावं लागतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: फाउलपासूनच. फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमात पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. खोट हातांत दिसते, पण मूळ पायांत असतं: बचावात सहकाऱ्याच्या मदतीला उशिरा पोचतो, म्हणून वरून हात मारतो. शॉट सुटायची वाट न पाहता, ड्राइव्ह (प्रतिस्पर्ध्याची बॉल घेऊन बास्केटकडे धाव) सुरू होताच त्याने पेंटमध्ये (बास्केटसमोरचा आखलेला भाग) सरकायला हवं. मग हात सरळ वर, उडी जागच्या जागी. सरावात दोन्ही मुठींत टेनिस बॉल द्या. ओढाओढीची सवय मोडते.

उत्तर २: पोस्ट मूव्ह्ज (बास्केटजवळ, बास्केटकडे पाठ करून करायच्या चाली) आत्ता नकोच! स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणं), रोल (स्क्रीननंतर वळून बास्केटकडे धावणं), रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) एवढंच काम द्या. स्क्रीनला पाय रोवलेले हवेत. धडकेच्या क्षणी सरकला की फाउल त्याचाच. रोलवर पास पकडून बॉल कमरेशी आणला तर समोरचा गार्ड (बाहेरून खेळणारा चपळ खेळाडू) हमखास हिसकावतो. म्हणून रोज मिकन ड्रिल (बास्केटखाली डावी-उजवीकडून आलटून-पालटून जवळचे शॉट), दोन्ही हातांनी, बॉल हनुवटीच्या वरच.

उत्तर ३: वरच्याशी सहमत. शिवाय मिनिटं ४-४ च्या तुकड्यांत द्या, चांगला पास देणाऱ्या गार्डसोबत. दम लागला की पाय मंदावतात आणि फाउल परत सुरू होतात. गुणांपेक्षा बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने मागे रोखणं) मोजा.