अनुभव धागा: सुट्टीतलं हाटेल आणि झालेला पोपट

सुट्टीत हौसेने कुठे जेवायला गेलात आणि तोंडाची चवच गेली, असं झालंय का? लिहा बरं. हाटेलाचं नाव नको, उगाच भांडणं. सुरुवात मीच करते.

दिवाळीत पुण्याहून आमच्याकडे नागपूरला नणंद, नंदोई, पोरं आली. नंदोईंना सावजीच, म्हणजे आमच्याकडचं झणझणीत मटण, खायचं होतं. खरं तर त्यांना इतवारीकडच्या गल्लीत न्यायला हवं होतं, पण पोरांना एसी पाहिजे म्हणून हायवेवरच्या एका चकाचक ठिकाणी गेलो, बोर्डावर ही एवढी मोठी 'अस्सल सावजी' अक्षरं. पाऊण तासानं मटण आलं, वर बोटभर लालभडक तेल आणि खाली टोमॅटोची गोडसर ग्रेव्ही, शेजारच्या टेबलावरच्या पनीरला पण तीच! अहो सावजी रस्सा काळपट असतो, खडा मसाला भाजून वाटलेला, खाताना नाक गळायला लागतं. नंदोई म्हणाले, "वहिनी, एवढं काही तिखट नसतं की." मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी घरी पाटोडी रस्सा केला तेव्हा कुठे पाणी मागितलं त्यांनी.

*

मी मुंबईचा. नागपूरला सीताबर्डीत मेनूवर सांबारवडी वाचली, वाटलं मेदुवड्यासारखं काही असेल. प्लेट आली, मी आपला वाटीची वाट बघतोय. शेवटी विचारलं सांबार कुठाय, तर वेटर म्हणे "आतच आहे ना जी." तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात! ही चूक माझी. पण वडी सकाळची, गार आणि मऊ पडलेली, ती चूक त्यांची.

*

पेंचहून परत येताना थांबलो भाऊ, मे महिना, पोरं उन्हानं कावलेली. डाळ थंडी, पोळ्या चामड्यासारख्या, अन् बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज. 2022 मध्येच ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय का हा आपोआप लावता येत नाही, 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तेच कायम ठेवलं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन लावतो म्हटलं तर मॅनेजरनं गुपचूप काढून टाकला. पण ते डाळीचं काय करता, ते तर पोटात गेलीच होती.

*

आमचं छोटंसंच. पहाटेच्या ट्रेननं उतरलो, तर्री पोहे (वर तिखट रस्सा घातलेले) खायचे म्हणून घरून उपाशी निघालेलो. टपरीवाला म्हणे तर्री संपली, पोहे घ्या. सकाळी साडेआठला, नागपुरात, कोरडे पोहे. वरून पैसे तेवढेच.