हाइव्हवर एका देवमाशाचं मत पडलं आणि लेख वर गेला. खरे वाचक कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,

हाइव्हवर (ब्लॉकचेनवर चालणारी ब्लॉगची जागा, तिथे मतांवर लेखाला पैसे मिळतात) लिहिणारं इथे कोणी असेल तर मदत हवी आहे. दीड वर्षापासून मी तिथे आमच्या भातशेतीवर लिहिते.

मध्यंतरी लावणीवर मोठा लेख टाकला. तरवा कसा काढायचा, चिखलणी झाल्यावर पाणी किती ठेवायचं, सगळं आईला विचारून. ४० मतं, १२ प्रतिसाद (केरळच्या एका बाईंनी त्यांच्या शेताचा फोटोही पाठवला), रक्कम अर्धा डॉलरही नाही. मग घाईत बांधावरच्या संध्याकाळचे ३ फोटो टाकले. त्यावर एका देवमाशाचं, म्हणजे भरपूर हाइव्ह पॉवर (खात्यात अडकवून ठेवलेलं हाइव्हचं चलन) असलेल्या खात्याचं, मत पडलं. रक्कम १९ डॉलर, लेख थेट ट्रेंडिंगमध्ये. मतांची यादी उघडली तर पहिल्या नावापुढे १८ डॉलर आणि खाली एक सेंट, शून्य, शून्य अशी रांग. प्रतिसाद ५, त्यातले ४ नुसते 'छान फोटो'.

मताचं वजन अडकवलेल्या पॉवरवर ठरतं, हे मान्य करूनच मी तिथे आले. ज्याच्या साखळीतून पुढे हाइव्ह निघालं ते स्टीमिट २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हा तर बक्षीस वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात (वजन दुप्पट तर बक्षीस चौपट) मिळायचं. जून २०१७ मध्ये ते सरळ प्रमाणात आलं. २०२० मध्ये हाइव्ह वेगळं झालं, पण पैशावर मताचं वजन हा पाया तोच. माझी अडचण वेगळी आहे. त्या मोठ्या मतामागे दहा मिनिटांत ८० मतं आली. ती माणसांनी दिली की आपोआप पडली, हे कसं तपासायचं? लावणीचा लेख फसला असं आईला वाटतंय, आणि झोडणीचं सांगायला ती आता तयार नाही. मला तो लेख लिहायचाच आहे.

प्रतिसाद:
ताई, ब्लॉक एक्सप्लोररवर (साखळीवरची प्रत्येक नोंद दाखवणाऱ्या साइटवर) तुमचा लेख काढा. हाइव्हवर दर ३ सेकंदांनी नोंदींचा नवा ब्लॉक बनतो, त्यामुळे प्रत्येक मताची वेळ नेमकी दिसते. मोठ्या मतानंतर काही सेकंदांत रांग लागली असेल, आणि तीच खाती त्या देवमाशाच्या इतर मतांमागेही दिसत असतील, तर तो ट्रेल समजा. लोक कष्ट वाचवायला आपलं मत दुसऱ्याच्या मागे बांधून ठेवतात, लेख उघडतही नाहीत. आणि ७ दिवस होईपर्यंत रक्कम पक्की धरू नका, उलट मत पडलं तर कमी होते. आईंना त्या १२ प्रतिसादांतले दोन-तीन मराठीत वाचून दाखवा. केरळचा फोटो आधी.